उतारावर लावलेली गाडी

देवरावभाऊ गाडी सपाट जागी कधी बंद करत नसत. आमच्या भागात राहून हा नेम पाळणं सोपं नाही, कारण आर्वीपासून वर्ध्यापर्यंत उतार शोधायला नजर लागते. ती त्यांना होती. आमच्या घरासमोरचा रस्ता एकदम सपाट, म्हणून दारात आले की ते इंजिन चालू ठेवून बसत आणि थांबायची वेळ आलीच तर गाडी पाण्याच्या टाकीजवळ नेऊन लावत. तिथे रस्ता हातभर उतरतो. तोंड खालच्या बाजूला, पहिला गिअर, चाकाखाली दगड. मग चावी फिरवायची. सेवाग्रामला रुग्णालयात चार-पाच तास थांबावं लागे, तर तिथेही त्यांनी सायकली ठेवतात त्या शेडमागे एक उतार हेरून ठेवला होता. तिथे दुसऱ्या कोणाची गाडी दिसली की त्यांचं दिवसभर जेवणात लक्ष नसे.

मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले, जसं मी शाळेत पोरांना शिकवते हेच त्यांना खरं वाटत नसावं. म्हणाले, "मॅडम, सेल्फ नाई लागला तर? उतार असला म्हंजे गाडी घरंगळूनच लागते, धक्क्यासाठी कोनाच्या पाया पडा लागत नाई."

माझे यजमान आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवत. सगळी आर्वी त्यांना सर म्हणे आणि लग्नानंतर काही वर्षांनी मीही म्हणायला लागले. सरांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीन दिवस डायलिसिससाठी सेवाग्रामला जाणं आलं. एसटीने जाता येतं, पण येताना माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखा झालेला असतो. गावातल्या एका गाडीमालकाची एक गाडी याच कामाला लागलेली होती. तीन-चार रोगी एकत्र नेऊन आणायचे. त्या गाडीवर देवराव उईके ड्रायव्हर होते. वय सरांच्याच आसपास, अंगाने काटक, मिशी पांढरी आणि केस मात्र काळेभोर. उमेदीचा सगळा काळ भाड्याच्या काळीपिवळी जीपवर गेलेला. त्या जीपचा सेल्फ नावालाच होता, सकाळी पॅसेंजरांनीच धक्का मारायचा आणि मग आत बसायचं अशी तिथली पद्धत होती. तिथून हा उताराचा नेम त्यांच्या अंगात शिरला आणि जीप भंगारात गेली तरी तो निघाला नाही.

मग मालकाने नवी गाडी घेतली. गाडी छान होती, सीट मऊ होत्या, सरांना पाय लांब करता येत. पहिल्याच फेरीला येताना वर्ध्यात आर्वी नाक्याच्या चौकात सिग्नल लागला. देवरावभाऊंनी गाडी न्यूट्रल केली, क्लचवरचा पाय काढला आणि इंजिन बंद पडलं. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. देवरावभाऊ पांढरे पडले. पट्टा काढला, दार उघडलं आणि काही कळायच्या आत बॉनेट वर करून उभे राहिले. सिग्नल हिरवा झाला. मागे ट्रक, रिक्षा, कॉलेजची पोरं, सगळ्यांनी हॉर्नवर हात ठेवले. एका रिक्षावाल्याने आमच्या गाडीच्या मालकाचा आणि आमच्या सगळ्यांच्या आईबापांचा उद्धार केला. देवरावभाऊ दोन माणसांना हाताने खुणा करत होते, या, धक्का मारा म्हणून.

आणि सर हसत होते. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना असं हसताना पाहिलं. हसता हसता त्यांना खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी काच खाली करून सांगितलं, "देवराव, बिघडली नाई ते. इंजिन आपल्या मनानं बंद होते, अन् क्लच दाबला का आपल्या मनानं सुरू होते. पेट्रोल वाचवाची सोय आहे. तुम्ही उतरले म्हणून आता चावी मारा लागन. या, बसा."

देवरावभाऊ येऊन बसले. चावी मारली, गाडी लागली. वाटेतलं खरांगणा येईपर्यंत ते इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आपल्या मनानं काऊन बंद होते पन? मी सांगतलं का तिले?"

त्या दिवसापासून या दोघांचं जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत चाललं. सर पुढच्या सीटवर, देवरावभाऊंच्या शेजारी. मी आणि बाकीचे रोगी मागे. आमच्या घरात आजारापलीकडे बोलायला काही उरलं नव्हतं. क्रिएटिनिन किती, पाणी किती प्यायलं, पाय सुजले का, एवढंच. त्या गाडीत मात्र सर पुन्हा आयटीआयमधले सर होत. इंजिन उभ्या जागी फुकट चालवण्यात काय अर्थ आहे, या गाडीची बॅटरी वेगळी असते, सेल्फ वेगळा असतो, तो शेकडो वेळा लागण्यासाठीच बनवलेला असतो, असं सगळं ते सांगत. देवरावभाऊ "हौ, हौ" म्हणत आणि पुढच्या सिग्नलला क्लच पायाखाली दाबून धरत. क्लच दाबलेला असला की इंजिन बंद होत नाही, हे त्यांनी आपलं आपण शोधून काढलं होतं. सरांना ते बघवेना. क्लच फुकट झिजताना पाहणं म्हणजे त्यांच्या जिवाचंच नुकसान. शेवटी त्यांनीच एक दिवस डॅशबोर्डवरचं बटण दाखवलं. हे दाबलं की ती सोय बंद, मग इंजिन थांबत नाही. देवरावभाऊंच्या तोंडावर असा आनंद पसरला, जसं सरांनी त्यांच्या पोरीचं लग्न जमवून दिलं असावं. पण बटण असं, की गाडी चावीने बंद करून पुन्हा सुरू केली की ते आपलं मूळपदावर. दर वेळी नव्याने दाबायचं. देवरावभाऊ चावी मारत, देवाला हात लावत आणि बटण दाबत. उन्हाळा सोडला तर या क्रमात कधी बदल झाला नाही.

सेवाग्रामला आतमध्ये मशीनवर रोगी आणि बाहेर कडुलिंबाखाली ड्रायव्हर असे दोन गट बसलेले असत. नातेवाइकांना दोन्हीकडे जागा नसते, म्हणून मी अनेकदा ड्रायव्हरांच्या गप्पा ऐकत बसे. या बटणावरून तिथे अक्षरशः तट पडले होते. हिंगणघाटचा एक जण म्हणे, सोय चांगली आहे, गाडी गप्प झाली की आपल्यालाही घटकाभर बरं वाटतं. देवळीच्या एकाचं म्हणणं, कंपनीने पेट्रोल वाचवायचं सांगून बॅटरी खपवायचा धंदा केला आहे. एका पोरसवदा ड्रायव्हरला त्यात काही विशेषच वाटत नव्हतं, त्याने गाडी शिकतानाच ही सोय पाहिली होती. तो देवरावभाऊंना चिडवी, काका, तुमचा मोबाइलसुद्धा रात्री उतारावर ठेवता का? देवरावभाऊ चिडत नसत. डबा खाता खाता आपलं मत तेवढं सांगत.

"मी चावीनं बंद करतो ते वेगळं," ते म्हणत. "मले माहीत आहे मी काऊन बंद केली. तिनं आपल्या मनानं बंद होनं वेगळं. आज सिग्नलवर बंद होते, उद्या तिच्या मनात आलं तं कुठंई होईन."

मला वाटे, या माणसाच्या आयुष्यात नक्की काहीतरी घडलेलं असणार. कधीतरी जीप रस्त्यात बंद पडली असेल, आत कोणी अडलेली बाई असेल, साप चावलेलं मूल असेल. एकदा न राहवून विचारलं. देवरावभाऊंनी बराच विचार केला, जणू माझ्यासाठी एखादी गोष्ट सापडते का ते बघत होते.

"नाई मॅडम," ते म्हणाले, "तसं काई झालं नाई. मले भेव वाटते, बस."

उन्हाळ्यात त्यांना या बटणापासून विश्रांती मिळे. आमच्याकडचं ऊन असं, की एसी जोरात चालला तर गाडी स्वतःच इंजिन बंद करत नसे. सिग्नलला उभे असताना इंजिन घरघरत राही आणि देवरावभाऊ समाधानाने सांगत, "उन्हाळ्यात हिले अक्कल येते." पण डायलिसिसनंतर सरांना थंडी वाजे. मे महिन्यातही ते शाल मागत आणि एसी बंद करायला लावत. मग काचा खाली करून, वाफा खात आम्ही परत येत असू. त्या उष्णतेत देवरावभाऊंची पाठ घामाने चिंब होई, पण त्यांनी एसीच्या बटणाकडे कधी हात नेला नाही. दुसऱ्या बटणाकडे मात्र नेत.

मागच्या सीटवर खरांगण्याचे एक निवृत्त पोस्टमन काका बसत. बोलायचे कमी, झोपायचे फार. पावसाळ्यात ते गेले. त्यांच्या जागी मालकाने लगेच दुसरा रोगी दिला, कारण यादी मोठी होती आणि अशा यादीतली जागा एकाच रीतीने रिकामी होते. तरी खरांगण्याच्या फाट्यावर देवरावभाऊंचा पाय ब्रेककडे जाई. गाडी मंद होई, मग त्यांच्या लक्षात येई आणि पुन्हा वेग घेई. सर पुढे बघत राहत. या गाडीतून बरा होऊन कोणी उतरत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मूत्रपिंड मिळण्याची आशा आम्ही सुरुवातीला धरली होती. माझी स्वतःची साखर वाढलेली, म्हणून माझं चालणार नव्हतं. दिरांनी दोन-तीनदा विचारपूस केली आणि मग फोन करणं कमी केलं. मी त्यांना दोष देत नाही. राग येतो, तो वेगळा.

दिवाळीनंतर सरांचं शरीर साथ देईना. सुया टोचायला हातावर जागा राहिली नाही. मशीनवर मध्येच रक्तदाब खाली जाई आणि ते डोळे फिरवत. घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एका सकाळी मी त्यांचा स्वेटर घेऊन उभी होते आणि बाहेर देवरावभाऊंच्या गाडीचं इंजिन घरघरत होतं. सर म्हणाले, मी येत नाही. आजही नाही आणि परवाही नाही.

मी खूप विनवलं, पण ते ऐकेनात, तेव्हा बाहेर जाऊन देवरावभाऊंना सांगितलं. मला वाटलं, ते बाकीच्या रोग्यांना घेऊन निघून जातील. ते गाडी टाकीजवळ घेऊन गेले, उतारावर लावून, मागच्या लोकांना थोडं थांबायला सांगून चालत आले. तोवर ते आमच्या घरात कधी आले नव्हते. चपला बाहेर काढल्या आणि सरांच्या पलंगाशी उभे राहिले. मी खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही.

"काऊन येत नाई, सर?"

सर कुशीवर वळले. त्यांचा आवाज शांत होता, वर्गात अवघड भाग समजावून सांगताना असायचा तसा. म्हणाले, "देवराव, तुम्हीच सांगता ना? आपल्या मनानं बंद पडनं वेगळं, अन् आपन चावीनं बंद करनं वेगळं. मी चावीनं बंद करून राह्यलो. मले माहीत आहे मी काऊन बंद करतो ते."

देवरावभाऊंचंच वाक्य होतं ते. कडुलिंबाखाली शंभर वेळा ऐकवलेलं. त्यांची मान खाली गेली आणि मला त्या क्षणी सरांचा असा संताप आला, की ओरडावंसं वाटलं. बिचाऱ्या माणसाला त्याच्याच शब्दांत अडकवलं होतं. मला अडकवायला तर शब्दांचीही गरज नव्हती, मी स्वेटर हातात घेऊन नुसती उभी होते.

मग देवरावभाऊ म्हणाले, "सर, तुम्ही जिंकले. आजपासून बटन दाबत नाई मी. सिग्नलवर बंद होऊ दे गाडी, किती खेपा व्हाची ते होऊ दे. मी हात लावनार नाई. तुम्ही चला."

"तुम्हाले जमन का?"

"नाई जमनार. पन शब्द देतो. तुम्ही चला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वेटर पुढे केला. ते उठले, हात घातले, आणि आम्ही निघालो. बायकोच्या विनवण्यांनी जे झालं नव्हतं ते एका बटणाने झालं, याचं मला थोडं वाईट वाटलं. पण ते थोडंच.

देवरावभाऊंनी शब्द पाळला. पाळताना त्यांचे जे हाल झाले ते मी मागच्या सीटवरून पाहिले आहेत. सिग्नल लागे, इंजिन थांबे, आणि त्यांच्या दोन्ही हातांची पकड स्टिअरिंगवर घट्ट होई. मानेची शीर वर येई. दिवा हिरवा होण्याआधीच पाय क्लचवर जाऊन टेकलेला असे. गाडी सुरू झाली की ते मोठ्याने श्वास सोडत. सर त्या शांततेत डोळे मिटून बसत. एकदा म्हणाले, "पाहा देवराव, किती मस्त वाटते. सगळं गप्प." देवरावभाऊ म्हणाले, "तुम्हाले वाटते, सर. मले नाई वाटत." सर पुन्हा हसले. तो हिवाळा आम्हाला असा मिळाला. बरं होण्यासाठी तो मिळालेला नव्हता हे तिघांनाही ठाऊक होतं. नुसता मिळाला होता.

थंडी सरत आली तेव्हा एका पहाटे सर झोपेतच गेले. ना मशीन, ना सुई, ना चावी. आपलं आपण. मी त्यांच्या उशाशी बसून होते. कोणाला फोन करावा हे सुचत नव्हतं. ठरलेल्या वेळेला बाहेर गाडी आली. नेहमीसारखं इंजिन चालू. हॉर्न ते कधी वाजवत नसत. मी फाटकापर्यंत गेले. सांगायची गरज पडली नाही, माझ्या हातात स्वेटर नव्हता. देवरावभाऊंनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. तिथेच, आमच्या दारात, सपाट रस्त्यावर. गाडीतले दोन रोगी एकमेकांकडे पाहू लागले. देवरावभाऊ उतरले आणि फाटकाचा दांडा धरून उभे राहिले. मग म्हणाले, या दोघांना पोचवून येतो, मॅडम, त्यांची वेळ चुकायला नको. चावी मारली, गाडी पहिल्या झटक्यात लागली.

दुपारपर्यंत ते परत आले आणि सगळं पार पडेपर्यंत थांबले. घाटापर्यंत त्यांनी खांदा दिला. माझ्या दिरांशी त्यांनी जन्माची ओळख असल्यासारखं बोलून घेतलं. मला ते जमत नव्हतं.

उन्हाळा लागायच्या आधी मला एका कामासाठी वर्ध्याला जायचं होतं. देवरावभाऊंच्या गाडीत त्या दिवशी जागा होती. पुढची सीट रिकामी होती, पण मी मागेच बसले. सवय म्हणा. रोगी सेवाग्रामला उतरले, मी माझं काम करून आले, आणि संध्याकाळी परत निघालो. मागे दोघं डोळे मिटून पडले होते, शाली पांघरून. एसी बंद होता. आर्वी नाक्याला सिग्नल लागला. मी देवरावभाऊंच्या हाताकडे पाहत होते. हात बटणाकडे गेला नाही. इंजिन थांबलं.

मी म्हटलं, "देवरावभाऊ, आता कशाला? आता दाबा ना बटण. सर कुठे बघायला आहेत."

ते समोर दिव्याकडे पाहत होते. हात स्टिअरिंगवर नुसते ठेवलेले होते, पकड नव्हती. मानेची शीर दिसत नव्हती.

"शब्द सरांले दिला होता," ते म्हणाले. "अन् आता भेव नाई वाटत, मॅडम. पह्यले वाटे, हे बंद झाली तं सुरूच होनार नाई. आता दर खेपी सुरू होते. रोज. कितीई वेळा बंद होऊ द्या, हे आपली सुरू होते. मले त्याचाच राग येते."

सर बसत त्या सीटकडे माझी नजर गेली. दिवा हिरवा झाला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. देवरावभाऊंनी क्लच दाबला, गाडी सुरू झाली, आणि पुढची रिकामी सीट तशीच घेऊन आम्ही आर्वीच्या रस्त्याला लागलो.